संगणकातली टँकरची रांग

दोन हजार साली केज तालुक्यातल्या एका शाळेला संगणक मिळाला आणि मूल्यशिक्षणाच्या सत्यशीलाबाईंच्या डोक्यात एक खूळ शिरलं. खोटं बोलू नये, रांग मोडू नये, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. मुलं माना डोलवत आणि घंटा झाली की नळावर एकमेकांना ढकलत. मग बाईंनी केजच्या संगणक क्लासमधल्या शिवानीला गाठलं. गोष्ट बाईंची, करामत शिवानीची. महिन्याभरात खेळ तयार झाला. गावात टँकर आलाय. एक दाबलं तर रांगेत उभं राहायचं, दोन दाबलं तर ओळख सांगून पुढं घुसायचं.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव आबा आले. नारळ फोडून खुर्चीत बसले. पडद्यावरची मराठी इंग्रजी अक्षरांत होती, म्हणून सातवीतली शिवांजली वाचून दाखवायला शेजारी उभी राहिली. मागं सगळा वर्ग.

आबांनी दोन दाबलं.

"गावाचा तुमच्यावरचा विश्वास उडाला. खेळ संपला," शिवांजलीनं वाचलं.

"बटन बिघडलंय," आबा म्हणाले आणि पुन्हा दोनच दाबलं. चार वेळा गावाचा विश्वास उडाला. पोरं ओठ दाबून उभी. बाईंची नोकरी आबांच्याच हातात होती.

"बाई, हे मशीन विरोधी पार्टीचं हाय का?"

"न्हाई आबा," शिवांजलीच बोलली. "एक दाबून बघा की."

एवढ्या डोळ्यांसमोर आबांनी एक दाबलं. पुढं अकरा जण होते. बटन दाबलं की एक कमी व्हायचा. मधेच पडद्यावर कडेवर लेकरू घेतलेली एक बाई आली नि पुढं जाऊ का, म्हणून विचारू लागली. आबांनी तिला जाऊ दिलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. चहा आला, तो निवून गेला. शेवटी त्यांचा नंबर लागला.

"टँकर संपला," शिवांजलीनं वाचलं.

आबा बाईंकडं वळले. "मी लई नीट वागलो, तरी पाणी न्हाई? मग ह्यातनं शिकायचं काय?"

गावात खरोखर तसंच घडतं, म्हणून बाईंनी तसं लिहिलं होतं. शिवांजली सहज म्हणाली, "दुसरा टँकर मागवायचा, आबा. तहसीलला तुमीच सांगता न्हवं?"

"मागवतो की," आबा टोपी घालत म्हणाले. "का न्हाई मागवणार?"

चौथ्या दिवशी दुसरा टँकर आला. खेळामुळं आला की तोंडावर आलेल्या निवडणुकीमुळं, हे बाईंना कधीच कळलं नाही. आबा स्वतः काठी घेऊन रांग लावत होते. त्यांच्या पत्नी छबुबाई रांगेत चौदाव्या होत्या, दोन्ही हातांत घागरी घेऊन, आणि नवऱ्याकडं ढुंकूनही बघत नव्हत्या.