दोन बोटं कागद

रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंच्या नामावळी नाना पन्नास वर्षं सांभाळत होते. कुठल्या गावचं कोणतं घराणं, कोण कुणाच्या अस्थी घेऊन आलं, सगळं लाल कापडाच्या लांबट पुठ्ठ्यांत दोरीने ओवलेलं. पुढे हात थरथरू लागला आणि नानांचं अक्षर नानांनाच लागेना. तेव्हा नात मृण्मयीने जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मोफत प्रणाली घातली आणि शेजारी प्रिंटर आणून ठेवला. नानांनी तक्रार केली नाही. कौतुकही केलं नाही.

त्या सकाळी नांदगावहून चंद्रभागाबाई आल्या होत्या. वडील धोंडीराम गेले, भाऊ नव्हता, चुलतभावांनी अंग काढून घेतलं, म्हणून अस्थी बाईंनीच आणल्या. विधी उरकला. आता नामावळीत नोंद राहिली होती, प्रिंटरवरची पहिलीच, आणि तेवढ्यासाठी बाई ठाण मांडून बसल्या होत्या.

"उद्या भाऊबंद म्हणतील, म्हाताऱ्याला कोणी नेलंच नाय. तुमच्या वहीत माझं नाव पाहिजे, गुरुजी."

नाना घुटमळले. अस्थी आणणारा म्हणून मुलाचं नाव यायचं, फार तर पुतण्याचं. मुलीचं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. पण बाई खोटं काय बोलत होत्या? "लिही," ते मृण्मयीला म्हणाले. तिने पणजोबांपासूनची नावं घातली आणि अगदी तळाला शेवटची ओळ लिहिली: अस्थी आणणारी, मुलगी चंद्रभागा.

प्रिंटर एक दिवा लुकलुकवून ढिम्म बसला.

"लेटर मापाचा कागद मागतोय," मृण्मयी म्हणाली. "आपला लीगल, त्याहून लांब. मी फाइलमध्ये माप बदललं, पण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जुनंच राहिलंय. दोन्हीकडे सारखं लागतं." तिने तिथेही लीगल निवडलं. प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला.

चंद्रभागाबाई बोट फिरवत वाचू लागल्या. पणजोबा होते, आजोबा होते, धोंडीराम होते. मग बोट कागदावरून खाली उतरलं.

"माझं नाय ह्याच्यात." त्यांनी कागद परत ठेवला. "तुमच्या मनात नव्हतं तर तसं सांगायचं, गुरुजी."

नानांची कानशिलं तापली. घुटमळले होते हे खरं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

मृण्मयीने पुन्हा छापलं. पुन्हा तेच. पडद्यावर ओळ ठळक दिसत होती, कागदावर नव्हती. वैतागून तिने दुसरा कागद उलटा केला, तर पाठीवर काळा फराटा.

"नाना, नाव छापलं जातंय. फक्त त्याच्याखाली कागदच नाहीये, शाई आत रोलरवर पडतेय." तिने कागदाला पट्टी लावली. "तेहेतीस सेंटिमीटर. लीगल साडेपस्तीस असतो. तुम्ही कागद कापलात?"

कापले होतेच. पुठ्ठे नानांच्या आजोबांच्या वेळचे. त्यांत लीगल कागद मावत नाही. म्हणून नवं रिम आणलं की नाना कटरने प्रत्येक कागदाची खालची दोन बोटं उडवायचे. हाताने लिहिताना कधी बिघडलं नाही, कारण कागद संपला की हात थांबतो. यंत्राला कोण सांगणार? नानांना स्वतःचाच राग आला.

"सोपं आहे," मृण्मयी म्हणाली. "तेहेतीसचं माप घालते, अक्षर थोडं बारीक करते."

नाना उठले आणि कपाटातल्या रिममधून एक अख्खा कागद घेऊन आले. "हा घाल."

"पुठ्ठ्यात मावणार नाही."

"ठाऊक आहे मला."

या वेळी शेवटची ओळ आली. बाईंनी ती दोनदा वाचली आणि तिच्याखाली सावकाश सही केली. नानांनी पान दोरीत ओवलं. लाल कापडाच्या खाली दोन बोटं कागद बाहेर राहिला आणि त्यावर नेमकी तेवढीच ओळ. ज्या वहीत त्यांनी पन्नास वर्षं पानाचा कोपरा दुमडू दिला नव्हता, ती आता अशी दिसत होती. नानांनी ती तशीच राहू दिली.

"पुढच्या वेळी शोधावं लागणार नाही," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी मला घेऊन माझी लेक येईल," चंद्रभागाबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "मलाबी एकच लेक हाय."

नानांनी रिममधून आणखी एक अख्खा कागद काढला आणि कोराच बाईंच्या पानामागे ओवून ठेवला.