ब्रेकचा दिवा

सेन्सर बिघडलेलाच निघू दे, असं साकडं देवाला घालणारा माणूस सगळ्या मुलखात एकच असेल, आणि तो म्हणजे रोझेर गिमों.

बाकीचे लोक गाडीत काही बिघडू नये म्हणून मेणबत्त्या लावतात. रोझेरचं उलटं होतं, कारण सेन्सर चांगला निघाला तर मग पाय बिघडलेला ठरणार होता.

पुढं दोन चाकं आणि मागं एक अशी त्याची मोटरसायकल. दुचाकी सांभाळताना गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यानं ती घेतली. तिला हाताचा ब्रेक नाही. तिन्ही चाकं थांबवायची ती उजव्या पायानं. या उन्हाळ्यात तिनं नवंच खूळ काढलं. जरा लांब गेलं की समोर नारिंगी दिवा लागायचा, इंजिनाचा अर्धा जीव जायचा, आणि तळ्यापर्यंतचा उरलेला रस्ता बैलगाडीच्या चालीनं कापावा लागायचा. ब्रेक दाबलेला असताना कुणी वेग वाढवतोय असं वाटलं की ही गाडी स्वतःच दम सोडते, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणजे ब्रेकचा सेन्सर खोटं बोलतोय. दुसरं काय असणार?

दुसरं काय असणार ते त्याला वसंतातच कळलं होतं. साखरेच्या डॉक्टरनं त्याला डोळे मिटायला लावून तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवला होता. "लागतंय?" डॉक्टरच्या बाहीची सळसळ ऐकू आली की रोझेर म्हणायचा, "लागतंय." पास झाला. बाहेर येऊन बायकोपुढं शेखीही मिरवली. पण पायाची जाणीव गेली तर गाडी चालवायचा परवाना जाईल, हे डॉक्टरनं त्याआधी सांगितलेलं काही डोक्यातून जाईना. परवाना गेला की घर गेलं. लाक-सें-जाँ तळ्याच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या तोंडाशी त्यांचं ते घर. ना दुकान जवळ, ना चर्च, आणि बस तर नाहीच. उगेत जन्मभर त्याच्या पाठीशी बसून हिंडली, पण हँडलला तिनं कधी हात लावला नाही. मग उरली ती मुलीनं शहरात बघून ठेवलेली वृद्धाश्रमातली खोली. एक खिडकी, पांचट सूप आणि दुपारी बिंगो.

म्हणून एका सकाळी त्यानं शेडमध्ये बसून स्वतःच सेन्सर बदलला. तो धरून ठेवणारी पोलादी क्लिप तेवढी टणकन उडाली आणि हरवली. तिकडच्या रिवाजाप्रमाणं चर्चमधल्या एकूणएक पवित्र वस्तूंची नावं घेऊन त्यानं शिव्या दिल्या, गुडघ्यावर रांगून जमीन धुंडाळली. मिळाली नाही. शेवटी तारेनं बांधून भागवलं. दिवा पुन्हा लागला.

"ती क्लिपच भोवतेय," तो उगेतला म्हणाला. "तार सैल पडते, सेन्सर हलतो."

"मग गायताँला दाखव ना एकदाचं," उगेत म्हणाली. "रोज उठून तुझं तोंड किती वेळ बघू मी?"

गायताँ तिचा धाकटा भाऊ. हिवाळ्यात बर्फावरच्या गाड्या आणि उन्हाळ्यात बाकी सगळं दुरुस्त करायचा. त्याच दुपारी दोघं रखडत त्याच्या गॅरेजात पोचली तेव्हा तो ब्लूबेरीचा केक खात बसला होता.

"या मेहुणेबुवा! पायी आला असता तर लवकर पोचला असता."

"तू आधी बोटं चाट, मग अक्कल शिकव."

गायताँनं संगणकाची वायर जोडली. पडद्याकडं बघत तो सावकाश म्हणाला, "सेन्सर ठीक दिसतोय. हा म्हणतो ब्रेक खरंच दाबला गेला होता. बराच वेळ. बुवा, ती मूसवाली सवय तर नाही ना?"

ती सवय तिकडं सगळ्यांनाच. संध्याकाळी जंगलातून जाताना घोड्याएवढं मूस हरीण कधी रस्त्यात उभं ठाकेल याचा नेम नाही, म्हणून जो तो पायाचं टोक ब्रेकवर तयार ठेवतो. निम्म्या गावाला हे शिकवलं होतं खुद्द रोझेरनं.

"मी पाय वर धरतो, टेकवत नाही!" तो उसळला. "मी शिकवलंय तुला, तू मला शिकवतोस?"

"बरं बाबा, बरं."

गायताँ स्वतः गाडी घेऊन पार पुलापर्यंत जाऊन आला. दिवा लागला नाही. रोझेर वाकून तार चाचपायला लागला. "तुझं वजन कमी आहे," तो म्हणाला. "तार तेवढी हलत नाही." यावर गायताँ हसला नाही, आणि हेच रोझेरला सगळ्यात झोंबलं.

"बसा तुम्ही. इथंच, जागेवर. फक्त चावी फिरवा." गायताँ त्याच्या शेजारी उभा राहिला. उगेत मागच्या चाकाजवळ थांबली होती, थर्मासमधली कॉफी कपात ओतत. "आता वर बघा, छताकडं. ब्रेक दाबा."

उगेतच्या पांढऱ्या जाकिटावर ब्रेकच्या मागच्या दिव्याचा लाल उजेड पडला.

"सोडा."

"सोडला."

जाकीट लालच राहिलं. उगेतनं खाली आपल्या छातीकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीकडं.

"पाय बाजूला घेतला ना, बुवा?"

"घेतलाय म्हणतोय ना! ठेवलाय तिकडं, पायटेकणीवर. किती वेळा सांगू?"

गायताँनं हात पुढं करून चावी बंद केली, तेव्हा कुठं तो लाल उजेड विझला. रोझेरनं खाली पाहिलं. त्याचा बूट ब्रेकवर होता, चांगला दाबून बसलेला, जणू दुसऱ्या कुणाचा असावा.

"मी दुसरा सेन्सर मागवतो," गायताँ जमिनीकडं बघत म्हणाला. "ओरिजिनल. तो आला की बघू."

"हो, मागव," रोझेर घाईघाईनं म्हणाला. "आणि क्लिप. क्लिप विसरू नकोस."

गाडी गॅरेजातच राहिली. गायताँनं दोघांना पिकअपमधून घरी सोडलं. वाटेत रोझेर एकटाच बोलत होता, तारेबद्दल, धक्क्यांबद्दल, हल्लीच्या गाड्यांत भरलेल्या फालतू वायरींबद्दल. आपलं कुणी ऐकत नाही हे त्याला कळत होतं, पण गप्प बसायची भीती वाटत होती.

घरी दाराशी बाकावर बसून त्यानं बूट काढायला घेतले. उजवा निघेना. उगेत खाली बसली आणि तिनं तो ओढून काढला. मोजा टाचेपासून बोटांपर्यंत लालकाळा झालेला होता, काही डाग वाळलेले, काही ओले. तिनं मोजा हळूहळू सोलून काढला. तळपायात रुतलेलं काहीतरी सुटून टणकन फरशीवर पडलं.

रोझेरनं वाकून ते उचललं, अंगठ्यानं पुसलं, खिडकीच्या उजेडात धरलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"उगेत! अगं, हीच ती क्लिप! सापडली! शेडमध्ये उडाली ती बुटात पडली बघ. आता सेन्सर हलायचा नाही. गायताँला सांग, काही मागवू नको म्हणा, आपली..."

उगेत त्याचा पाय मांडीवर घेऊन तशीच बसली होती. ती जखमेवर बोट दाबून धरत होती आणि त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्याला काहीच लागत नव्हतं.

तो बोलायचा थांबला. क्लिप त्याच्या हातातच राहिली.

उगेतनं जखम धुतली, फडकं बांधलं, पाय उशीवर नीट ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन फोन उचलला.

"सिल्वी? मी आई बोलतेय. ती खोली अजून रिकामी आहे का गं?"