आदर्श कक्षाची किल्ली

तालुक्यातल्या त्या ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशनासाठी एक खोली होती. नवी फरशी, गुलाबी पडदे, सोफा आणि दारावर पाटी: 'आदर्श समुपदेशन कक्ष'. खोलीची गोपनीयता इतकी कडेकोट की खुद्द समुपदेशक रंजितालाही आत प्रवेश नव्हता. जिल्ह्याचं पथक तपासणीला येईपर्यंत ती मळू नये म्हणून डॉक्टरसाहेबांनी कुलूप घातलं होतं. पथक चार महिने येतच होतं.

तोवर रंजिता व्हरांड्यात बसे. एकीकडे कुत्रा चावलेल्यांची रांग, दुसरीकडे केसपेपरची खिडकी आणि मध्ये दोरीवर टाकलेली चादर. चादरीमागे ती हळू बोले आणि रांग तिच्याहून हळू श्वास घेई.

मागच्या महिन्यात डोंगराकडच्या पाड्यावरच्या लखमाला तिने इथेच निकाल सांगितला होता. लखमाच्या आधी बातमी घरी पोचली. विहिरीवर कोणी त्याला दोराला हात लावू देईना. गोळ्या घ्यायला तो परत आलाच नाही. 'रुग्णाचा निष्काळजीपणा' असं रजिस्टरात लिहा, असं साहेब म्हणाले. रंजिताने तो रकाना कोरा ठेवला.

आज त्याच पाड्यावरची बाळी आली होती, सोबत सासू सुंदरा. बाळीला पाचवा महिना होता. तपासणी पॉझिटिव्ह आली होती आणि तिला ते अजून ठाऊक नव्हतं. तीही लखमासारखी निसटली, तर पोटातल्या पोराचंही काही खरं नव्हतं.

रंजिता साहेबांकडे गेली. "अर्धा तास खोली द्या."

"आज? आजच पथक येतंय, मॅडम! सोफ्यावर कोणी बसलं म्हणजे?"

"सोफा बसायलाच असतो ना, साहेब?"

"बारा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन मला शिकवू नका. व्हरांड्यात सांगा. हळू सांगा."

"लखमालाही हळूच सांगितलं होतं."

साहेबांना तेवढ्यात फोन आला, म्हणजे त्यांनी तो उचलून कानाला लावला.

रंजिता बाहेर आली. शिपाई अनंता आदर्श कक्षाचं दार उघडून फरशी पुसत होता.

"ताई, वली हाय फरशी!"

"वाळेल." तिने बाळीचा हात धरला.

"आनी मी गो?" सुंदरा उठली.

"मावशी, तुमी बाकावर बसा जरा."

अनंताला बाहेर काढून तिने आतून कडी घातली. सोफ्याचं प्लास्टिक करकरायला लागलं, तसं तिने ते टराटरा फाडलं आणि बाळीला बसवून सगळं सांगितलं.

बाळीने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "घरात ठेवतील का मला?"

तेवढ्यात दार वाजलं. "मॅडम! पथक आलंय! उघडा!"

"समुपदेशन चालू आहे, साहेब. मध्येच दार उघडणं नियमात बसत नाही."

बाहेर पथकप्रमुखांनी सुंदराला विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

"माजीच सून हाय आत. तरी मला घेतला नाय बगा!"

"वा!" प्रमुख खूश झाले. "घरच्यांनासुद्धा नाही! डॉक्टर, याला म्हणतात शिस्त."

डॉक्टरांना मान हलवावी लागली.

आत बाळी पदराने डोळे पुसत होती. "पोराला व्हईल?"

"गोळ्या रोज घेतल्यास तर धोका अगदी थोडा राहतो. पण रोज, एक दिवस चुकवायचा नाही. घरी कोणाला कधी सांगायचं ते तू ठरव. मी तुझ्या सोबत आहे. माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही."

चाळीस मिनिटं लागली. पथक तोवर दाराबाहेर उभंच होतं. बाळी पिशवीत तळाशी गोळ्या घालून सासूसोबत आटगावच्या जीपकडे निघाली, तेव्हा रांगेतल्या एकालाही काही कळलं नव्हतं.

पथकाने अहवालात 'गोपनीयता अनुकरणीय' असं लिहिलं. साहेबांना शाल मिळाली आणि रंजिताला नोटीस. शासकीय सोफ्याचं आवरण विनापरवानगी फाडल्याबद्दल चोवीस तासांत खुलासा करावा. खोलीला पुन्हा कुलूप लागलं, पुढच्या पथकासाठी.

रंजिताने खुलासा लिहिला: 'आवरण मी फाडले. समुपदेशनासाठी रुग्ण पुढच्या मंगळवारी अकरा वाजता परत येणार आहे. किल्ली दहा वाजता लागेल. न मिळाल्यास कुलूपही फोडण्यात येईल, त्याचाही खुलासा यातच समजावा.'

तिने तीन प्रती काढल्या, कार्यालयात आवक शिक्का मारून घेतला आणि एक स्वतःजवळ ठेवली.