चौदा नंबरची बस

"पेट्रोलची नळी बदललीत ती कुठल्या बसची?" राज्याच्या तपासनिसानं विचारलं.

"नऊ नंबरची. मार्चच्या तीन तारखेला. हे बघा, लिहिलंय," म्हणत डेल्बर्ट प्रॅटरनं वही पुढे सरकवली.

"आणि नऊ नंबर म्हणजे कुठली गाडी?"

एकतीस वर्षं आमच्या शाळांच्या बस दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. तो टायरवर बसला आणि बसूनच राहिला.

आमच्या केंटकीच्या डोंगरात बसचा नंबर गाडीचा नसतो, रस्त्याचा असतो. वाचता न येणारी पोरंसुद्धा आपला आकडा ओळखतात, दुसऱ्या गाडीत पाय ठेवत नाहीत. म्हणून गाडी बदलली की डेल्बर्ट आकडे काढून दुसऱ्या गाडीवर चिकटवायचा. नाताळच्या सुट्टीत चौदाचा हीटर बिघडला. चौदा चालवणाऱ्या व्हर्ना स्टेसीच्या गाडीतली पोरं सगळ्यात लांबची, गारठतील बिचारी, म्हणून त्यानं नऊची गाडी व्हर्नाला दिली आणि आकड्यांची अदलाबदल केली. वहीत बदल करायचा तेवढा राहिला.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. अमुक चेसिस नंबरच्या गाडीतली पेट्रोलची नळी लोखंडावर घासून फाटू शकते, ताबडतोब बदला. वहीत तो नंबर नऊपुढे होता. डेल्बर्टनं नऊ लिहिलेली गाडी आत घेतली. काढलेल्या नळीवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. "उगाच बाऊ करतात लेकाचे," म्हणत त्यानं ती कचऱ्यात टाकली. तिथंच त्याला कळायला हवं होतं, की पत्रातली गाडी ही नव्हे, ती आता चौदाचा आकडा लावून फिरतेय.

महिनाभरानं व्हर्ना त्याच्या मागे लागली.

"अरे डेल्बर्ट, गाडीत पेट्रोलचा वास येतोय."

"नवऱ्याचं ते तेलकट जाकीट घालतेस ना, ते धू एकदा."

"चेष्टा नको. पोरं नाक दाबून बसतात."

त्यानं वाकून टॉर्च मारला. जमीन कोरडी होती. "अगं बाई, पत्र नऊ नंबरचं होतं. ती नळी मी या हातांनी बदललीय. तुझी गाडी त्यात नाहीच. माझ्यावर भरवसा आहे ना?"

"तुझ्यावर नाही ठेवणार तर कुणावर, मेल्या?" असं म्हणून ती स्टेअरिंगवर बसली. पुन्हा तिनं वासाचं नाव काढलं नाही.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी चढावर गाडीनं पेट घेतला. व्हर्नानं तेवीसच्या तेवीस पोरं ढकलून बाहेर काढली. पण पोरं घाबरून रानात पांगली, मोजता येईनात. फेरी संपली की चालकानं शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, कोणी झोपून राहिलं नाही ना बघायचं, असा आमच्याकडे नियम आहे. एकोणीस वर्षांत तिनं तो एकदाही चुकवला नव्हता. ती परत आत शिरली. आत कोणी नव्हतं. ती काही बाहेर आली नाही.

रविवारी तिला पुरलं. डेल्बर्ट चर्चच्या दाराबाहेरच उभा राहिला, आत जायचा धीर त्याला झाला नाही.

चौकशीला महिना लागणार होता आणि चौदाची फेरी न्यायला दुसरं माणूस नव्हतं. सोमवारी सकाळी डेल्बर्टनं जादा गाडीचा चेसिस नंबर दोनदा ताडून वहीत लिहिला, मग तिच्यावर चौदाचा आकडा चिकटवला.

पहिल्या थांब्यावर आईबरोबर एक चिमुरडी होती. गुरुवारी ती तापानं घरी होती.

"चौदा! आई, आपली चौदा आली!" ती धावत सुटली. आईनं तिला दप्तराला धरून मागे ओढलं.

"सोड ना! आपलीच आहे!"

आईनं आकड्याकडे बघितलं, मग डेल्बर्टकडे.

"तुम्हीच सोडा तिला शाळेत," तो खाली बघत म्हणाला.

पुढच्या थांब्यांवर कोणीच नव्हतं. तरी तो प्रत्येक ठिकाणी थांबला, दार उघडलं, बंद केलं. शाळेपाशी पोचल्यावर इंजिन बंद करून उठला आणि शेवटच्या बाकापर्यंत चालत गेला. एकेका बाकाखाली वाकून बघत गेला.