तिसरी मुदतवाढ

आई गेल्याला एकोणीस दिवस झाले होते, पण गादीचं बटण अजून कोणी बंद केलं नव्हतं.

मागच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या लोखंडी पलंगावर गादी तशीच फुगून पडली होती. पायथ्याशी टांगलेल्या डब्यावर हिरवा दिवा जळत होता आणि आतली मोटर, कान लावला तरच कळेल इतक्या बारीक आवाजात, घुरघुरत होती. चादर आणि उशीचा अभ्रा बायकोने धुऊन घातले होते. उशी मात्र उचलून कुठे ठेवायची ते न सुचल्यामुळे होती तिथेच होती.

गल्लीत त्याला सगळे हवावाला म्हणत. आधी तो पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा, तेव्हापासूनचं नाव. पुढे त्याने हवेची गादी करायला घेतली आणि ते नाव अंगाला घट्टच बसलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. त्या होऊ नयेत म्हणून ही गादी. आत बत्तीस कप्पे, प्रत्येकाला स्वतःची झडप. जिथे अंगाचा भार फार वेळ टेकून राहील तिथली हवा गादी आपणहून काढून घ्यायची आणि शेजारी द्यायची. बाजारात अशा गाद्या होत्या, नाही असं नाही. पण एक तर त्या महाग, वर रात्रभर अशा कण्हायच्या की रोग बरा पण गादी आवर. त्याची गादी गप्प होती आणि वीज गेली तरी दिवसभर चालायची.

लहान उद्योगांना नवं काही शोधून काढायला सरकारचा एक निधी होता. त्याचा अर्ज मोठ्या बहिणीने, ताईने भरला होता. "तुझं अक्षर बघून सरकार घाबरेल," असं म्हणून तिने पेन हिसकावूनच घेतलं होतं. निधी मिळाला, नऊ महिने खपून नमुना तयार झाला, आणि निधीच्या कचेरीतून आलेली पत्र्याची पट्टी गादीच्या कडेला बसली: मालमत्ता क्रमांक चारशे सतरा. आता हा नमुना सरकारी प्रयोगशाळेत जायचा होता. तिथे तो पास झाला की गाद्या बनवायला परवानगी, मग इस्पितळं.

त्याच आठवड्यात आई न्हाणीत घसरून पडली. खुबा मोडला. वयामुळे तो सांधेना. दहाव्या दिवशी कूस बदलताना बायकोला पाठीवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. त्यानंतर पाचव्या दिवशी डागाचं तोंड उघडलं. हवावाल्याने कोणाला विचारलं नाही, बांधून ठेवलेला नमुना सोडला आणि पलंगावर अंथरला. आठ दिवसांपुरता. महिन्याभरात जखम भरून आली.

"देवाने दिलेली पाठ आणि सरकारने दिलेली गादी," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "दोन्ही जपून वापरायच्या. परत करायच्या आहेत."

परत करायची तारीख आली तेव्हा त्याने मुदतवाढीचा अर्ज केला, तोही ताईच्याच हातून. कारणाच्या रकान्यात लिहिलं, झडपा गळतात, चाचण्या चालू आहेत. एकही झडप गळत नव्हती. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच पुन्हा तेच लिहिलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मुदतवाढीत पैसा नव्हता, नुसता वेळ होता. शेवटचा हप्ता तर नमुना जमा केल्यावरच मिळणार होता. तो त्याने तसाच सोडून दिला आणि दुकानात पुन्हा पंप खोलायला लागला.

दुसरी गादी करता आली नसती का? आली असती. केलीही होती त्याने, चौदा झडपांपर्यंत. पण ती पूर्ण झाली असती तर कुठली तरी एक द्यावी लागली असती, आणि जी आईखाली राहील ती आधीच्याइतकी चांगली नसली तर? हा प्रश्न मनात आला की त्याचा हात थांबायचा. मग थांबलेला हात तसाच राहिला.

तिसरी मुदतवाढ शेवटची होती. तपासणीची तारीख ठरली, पत्र आलं, आणि त्यानंतर चार दिवसांनी आई सकाळी दूध पिता पिता गेली.

"तारीख पुढे ढकल," ताई फोनवर म्हणाली. "सांग, घरात असं झालंय. माणसंच आहेत ती."

"कशाला?" तो म्हणाला. खरोखर त्याला कळत नव्हतं की कशाला.

निधीच्या कचेरीतून आलेल्या बाई पन्नाशीच्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, नाकावर घसरणारा चष्मा. सोबतचा ड्रायव्हर दारातच थांबला. बायकोने पाणी दिलं ते त्या सगळं प्यायल्या आणि ग्लास कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहू लागल्या. मागच्या खोलीत आल्यावर उशी बघून त्या जरा अडखळल्या.

"इथे कोणी..."

"आई होती," तो म्हणाला. "गेली. एकोणीस दिवस झाले."

"अरे." त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून हातात घेतली. "मी नंतर येऊ का?"

"नाही. बघून घ्या."

हे तो इतक्या सपाट आवाजात म्हणाला की बायकोने दारातून त्याच्याकडे पाहिलं. गेले एकोणीस दिवस तो असाच बोलत होता. रडला नव्हता. भेटायला आलेल्यांना खुर्च्या देत होता, त्यांच्या पंपांची चौकशी करत होता.

बाईंनी पत्र्याची पट्टी वाचली, कागदावर खूण केली. मग खाली वाकून डब्याचं बटण दाबलं. या डब्यात गादी स्वतःचा हिशेब ठेवायची. कितीदा हवा फिरवली आणि कितीदा काय बिघडलं. निधीच्या अटींमध्येच तसं होतं, म्हणून त्यानेच ते बसवलं होतं, आणि बसवून विसरला होता.

"एक लाख बेचाळीस हजार," बाईंनी आकडा वाचला. "बिघाड, शून्य." त्यांनी चष्मा वर ढकलला आणि पिशवीतून त्याचे तिन्ही अर्ज काढले. ताईचं गोल अक्षर पहिल्याच अर्जावर होतं, पुढचे दोन त्याचे. "पण तुम्ही तर लिहिलंय की झडपा गळतात."

तो हिरव्या दिव्याकडे बघत राहिला.

"बरं, आधी चालवून दाखवा," बाई म्हणाल्या. "भार ठेवून. कोणीतरी झोपावं लागेल."

बायकोने पदर हाताभोवती गुंडाळला. ड्रायव्हरने बाहेर तोंड फिरवलं. मग हवावाल्याने चपला काढल्या आणि पलंगावर चढून आडवा झाला.

इतक्या वर्षांत तो या गादीवर कधीच झोपला नव्हता. करताना वाळूच्या पिशव्या ठेवून पाहिल्या होत्या. पुढे आई होती. रोज सकाळी तो विचारायचा, "आई, टोचतंय का कुठे?" आणि आई म्हणायची, "छे रे. कोणीतरी हळूच हात घालून कूस बदलून देतंय, असं वाटतं. तुझा हात नाही बरं का, तुझा खरखरीत आहे."

"किती वेळ लागतो?" बाईंनी विचारलं.

"बारा मिनिटं."

त्या खुर्चीवर बसल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. तो वर बघत राहिला. छताला ओलीचा एक डाग होता, त्याच्या कडेला पोपडा सुटला होता. पंख्याच्या एका पात्याचा स्क्रू गायब होता. आई दोन वर्षं सांगत होती, तो पंखा बघ, एक दिवस माझ्या अंगावर येईल. तो म्हणायचा, बघतो. उभ्याने हा स्क्रू दिसत नव्हता. खिडकीतून तारेचा एक तुकडा आणि समोरच्या घराची टाकी दिसत होती. तीन वर्षं आणि वर काही महिने हेच सगळं. त्याला वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. त्याने वाट पाहिली. काही आलं नाही. उशीला धुतलेल्या कापडाचाच वास होता.

मग डाव्या बाजूला, खांद्याच्या खालून, हवा निघून गेली. अगदी हळू. आणि कमरेकडून काहीतरी भरत वर आलं आणि त्याचं अंग किंचित उजवीकडे कललं. त्याने स्वतः काही केलं नव्हतं.

"फिरली?" बाईंनी विचारलं.

"फिरली," तो छताकडे बघत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून अशीच फिरते. झडपा कधीच गळल्या नाहीत. काम तीन वर्षांपूर्वी पूर्ण झालंय."

"मग हे काय आहे?" त्यांनी अर्ज हलवले.

"आई होती यावर."

बाई खुर्चीत मागे टेकल्या.

"एका इस्पितळाचं पत्र यायचं दरवर्षी," त्या म्हणाल्या. "गादी कधी मिळेल म्हणून. ते आम्ही तुमच्याकडे पाठवायचो."

"आली तिन्ही. दुकानात आहेत."

"चाळीस खाटांचा वॉर्ड आहे त्यांचा."

"वाचलंय मी."

"वाचूनही?"

"हो," तो म्हणाला, आणि उठून बसला. चपला पायाने शोधत राहिला. "एक चप्पल पलंगाखाली गेली वाटतं."

बायको पुढे आली, वाकून चप्पल काढून दिली. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली जाडजूड कॅलेंडरं उतरवून तिने बाईंच्या मांडीवर ठेवली. चार वर्षांची चार. जवळजवळ प्रत्येक तारखेच्या चौकोनात निळ्या पेनाचे दोन ठिपके होते, एक वर, एक खाली.

"सकाळी आणि संध्याकाळी पाठ बघायचे मी," ती म्हणाली. "चांगली दिसली की ठिपका. सुरुवातीला ही फुल्या मारलेली पानं आहेत ना, तेव्हा जखम होती. नंतर नाही."

बाई एकेक पान उलटत गेल्या. एका ठिकाणी एकच ठिपका होता.

"इथे?"

"त्या संध्याकाळी त्यांनी बघूच दिलं नाही. रुसल्या होत्या माझ्यावर. दूध गरम झालं नव्हतं म्हणून."

बाईंच्या तोंडावर हसू येऊन गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे मी घेऊन जाते. पण खरं सांगू, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

"आम्हाला एकच होती," बायको म्हणाली.

बाईंनी कॅलेंडरं नीट जुळवून पिशवीत घातली, मग मांडीवर फॉर्म ठेवला.

"तुमचे तिन्ही अर्ज खोटे होते, हे मला लिहावं लागेल. सोडता येणार नाही."

"लिहा."

"पुढे निधी मिळेल न मिळेल. शेवटच्या हप्त्याचंही वरचे ठरवतील. पण गादी पास झाली तर ती बनवायला तुम्हाला कोणी अडवणार नाही." त्यांनी पेन त्याच्यापुढे धरलं. "आता सांगा. संशोधन पूर्ण झालं, की आणखी मुदत मागायची आहे? नियमात बसत नाही, पण घरात मृत्यू झाला म्हणून सहा महिने मी लिहून देऊ शकते. तेवढे दिवस ती इथे राहील."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पलंगाकडे पाहिलं. आता त्यावर त्याच्याच अंगाचा खड्डा होता, आणि तोही बघता बघता भरून येत होता.

त्याने "पूर्ण" या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली.

गादीतली हवा काढायची तर झडपा एकेक करून सोडाव्या लागतात. ड्रायव्हर मदतीला पुढे आला, पण हवावाल्याने त्याला हाताने थांबवलं. पायाकडून सुरुवात केली. प्रत्येक झडपेची कळ फिरवायची, हवा जाईपर्यंत तळहात कप्प्यावर दाबून धरायचा, मग पुढची. बत्तीस झाल्या तेव्हा गादी रिकाम्या पोत्यासारखी पडली होती. उशी बायकोने आधीच उचलून छातीशी धरली होती. डब्याचं बटण बंद केलं. हिरवा दिवा लगेच विझला नाही, थोडा रेंगाळला.

पावतीवर बाईंनी लिहिलं: गादी एक, चालू स्थितीत. मग "नवी" आणि "वापरलेली" यांतल्या दुसऱ्या शब्दाभोवती गोल केला.

गाडी गेल्यावर तासाभराने ताईचा फोन आला. तो तेव्हा पुढे दुकानात होता.

"नेली?"

"नेली."

"ओरडल्या का रे?"

"नाही. लिहिणार आहेत वरती."

"लिहू देत. पहिल्या अर्जाला अक्षर माझं आहे, मलाही बोलावतील." ताई हसायला गेली, पण ते जमलं नाही. "जेवलास?"

"हो." जेवला होता का, ते त्याला आठवेना.

"दुसऱ्या गादीच्या झडपा किती राहिल्यात?"

"अठरा."

"मग?"

"बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग आतून शिडी आणली, मागच्या खोलीत जाऊन पंख्याच्या पात्याला स्क्रू बसवला, आणि शिडी परत जागेवर ठेवली. पंख्याखाली पलंगाच्या नुसत्या पट्ट्या होत्या.

दुकानात कोपऱ्यातल्या बाकावरचं प्लॅस्टिक त्याने काढलं. धूळ उडाली. अर्धी गादी होती तशीच होती, चौदाव्या झडपेशी सुटलेला दोरा अजून लोंबत होता. त्याने पंधरावी झडप उचलली, रबराची कडी बसवली, फुंकून पाहिली. हातांना सगळं आठवत होतं. संध्याकाळपर्यंत तो करत राहिला. मधेच, बाराएक मिनिटं झाली की, हात आपोआप थांबायचे आणि कान मागच्या खोलीकडे जायचे. मग तो पुन्हा सुरू करायचा.