बाईसाहेबांचा घास

मित्रांनो, मी चिमटा. जुना आहे, पण स्वयंपाकघरातला नव्हे. तो माझा थोरला भाऊ, चटके खाणारा. मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांचा. केसाएवढी स्प्रिंग मी अशी उचलायचो की तिलाही कळू नये. म्हणजे, हात आजोबांचा. कौतुक मात्र मी माझंच समजत असे.

पुढे लोक फोनमध्ये वेळ पाहू लागले. दुकान बंद झालं. मी खणात पडलो आणि आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत.

मुलाला ते बघवेना. त्याने वडिलांसाठी एक काचेची टाकी आणली. आत ॲक्सोलॉटल होता: पाण्यात राहणारा, चार पायांचा गुलाबी जीव. मानेशी पिसांसारखे कल्ले आणि तोंडाची ठेवण अशी, की कायम हसतोय असं वाटावं. मादी आहे असं कळलं, तेव्हा आजोबांनी नाव ठेवलं बाईसाहेब.

"ही रुसली तरी कळायचं नाही," सून म्हणाली.

"तुझं मात्र लगेच कळतं हो," आजोबा म्हणाले.

बाईसाहेबांची कातडी नाजूक. म्हणून आजोबांनी माझी टोकं घासून बोथट केली. ज्या टोकांवर घर चाललं, तीच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुन्हा काम मिळालं होतं.

बाल्कनीत एक पेटी आली. तिच्यात ओली माती, भाजीची सालं आणि गांडुळं. जेवण दोन दिवसांआड. गांडूळ धुतलेलं हवं आणि बाईसाहेबांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड नको. एकदा सून उकडलेलं अंडं घेऊन आली.

"एवढंसं दिलं तर काय होतंय, बाबा?"

"अगं, तिला चावता येत नाही, नुसतं गिळते. आपली माया तिच्या पोटाला झेपायला नको का?"

मग आजोबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना मुलाला बजावलं, "पेटी ओली ठेव. गांडुळं पेटीतलीच घाल, बाहेरची नको." मुलगा भराभर मान हलवत होता. भराभर मान हलवणारी माणसं ऐकत नसतात, हे मी दुकानात पुष्कळदा पाहिलंय.

पेटीवर ऊन येत राहिलं. आठवड्यात माती विटेसारखी झाली, गांडुळं मेली. आजोबांचा फोन रोज असायचाच.

"बाईसाहेब जेवल्या का रे?"

"जेवल्या, बाबा."

सांगून तर बसला. आता जेवू घालणं भाग होतं. तो समोरच्या बागेत गेला. गांडुळं आपणहून वर येऊन पडली होती, खणावंही लागलं नाही. नशीबच उघडलं म्हणत चार घेऊन आला. पहिलं माझ्या टोकांत धरलं. ते जेमतेम वळवळत होतं. मला ते जाणवलं, पण मला वाचा कुठली? बाईसाहेबांनी घास घेतला. मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी बागेचा माळी भेटला. "इथली गांडुळं नेलीत? अहो, परवा गवतावर कीटकनाशक मारलंय. म्हणून तर वर आली ती."

मुलाने धावत येऊन पाणी बदललं. संध्याकाळी पुन्हा बदललं. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब पोट वर करून तरंगल्या. तोंड तसंच, हसरं.

आजोबा घरी आले, तेव्हा टाकी रिकामी होती. मुलाने सगळं सांगितलं, पेटी सुकल्यापासून. आजोबा रागावले नाहीत. बराच वेळ काचेवरून बोट फिरवत राहिले.

"घास लगेच घेतला का रे तिनं?"

"हो, बाबा. लगेच."

"घेणारच. आपल्या हातचं तिनं कधी नाकारलं नाही."

मुलगा तोंड फिरवून बाल्कनीत गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी मुका जीव असेल, तर त्याचं अन्न कुठून आलं हे त्याच्या वतीने तुम्हीच विचारा. आणि चूक झाली तर लगेच सांगा. मोठ्या झालेल्या बाईसाहेब आठवडाभर उपाशी राहूनही जगल्या असत्या. आजोबांना हे ठाऊक होतं. मुलाने फोनवर फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, "नाही जेवल्या, बाबा."