रिव्हर्समध्ये चढलेला डोंगर

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, आणि हे मी अजिबात न लाजता सांगते. माझा रंग कोणता, यावरून आमच्या गल्लीत अजून वाद होतात. कुणी हिरवा म्हणतं, कुणी राखाडी. खरं म्हणाल तर बराचसा गंजच आहे. माझा डावा दिवा जरा तिरळा बघतो. दार आतून उघडत नाही, बाहेर हात काढून कडी ओढावी लागते. पण मी जिथे जाऊन आले, तिथे जायचं तुमच्या त्या चकचकीत, नाजूक गाड्यांनी स्वप्नही पाहिलेलं नाही. थोडी बढाई मारते आहे, मारू द्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या ठिणग्या आणि घणांचा आवाज तेवढा आठवतो. चारही चाकांना जोर मिळावा अशी माझी घडण होती, म्हणून मला थेट धरणाच्या कामावर पाठवलं. चिखल, दगड, सिमेंटच्या गोण्या, सगळं मी ओढलं. साहेब लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "ही कुठेही जाते." मग धरण पुरं झालं, नव्या गाड्या आल्या आणि मला कुंपणाला टेकवून उभं केलं. माझ्या मागच्या सीटवर एका कोंबडीने संसार थाटला. थाप मारणारे तेच साहेब शेजारून जाताना मान वळवूनही बघत नसत. फार वाईट वाटायचं हो.

तिथून मला सोडवलं ते मिस्त्रींनी. त्यांचं गॅरेज डोंगराच्या पायथ्याशी, खाली गॅरेज आणि वर घर. मिस्त्री बोलायला कंजूस, पण हात मायेचे. त्यांनी माझं इंजिन उतरवलं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला आणि पुन्हा बसवला. कोंबडीला मात्र फार जड मनाने हाकललं.

मिस्त्रींच्या बायकोला सगळे माई म्हणत. त्या वरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र घेऊन बसत आणि साऱ्या गावाचे कपडे शिवत. त्यांच्या खिडकीत दुसरं काही नव्हतंच, फक्त डोंगर. लग्न होऊन आल्यापासून सुईत दोरा ओवताना, चहा पिताना, कुणाची वाट बघताना त्यांच्यासमोर तोच एक डोंगर उभा. एकदा गॅरेजमध्ये चहा घेऊन आल्या तेव्हा त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "अहो, याच्या मागे काय असेल हो?"

"काय असायचंय? मागची बाजू," मिस्त्री माझ्या पोटाखालून म्हणाले.

"ही जी दिसते ना, तीच मागची बाजू. आपल्याकडे पाठ करून बसलाय तो. तोंड पलीकडे आहे त्याचं."

मिस्त्री हसले, पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात घर करून राहिलं. कारण माईंचे गुडघे झिजत चालले होते. जिना उतरतानाही त्या कठड्याला धरून, एकेक पायरी बसल्यासारख्या उतरत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की पुढच्या उन्हाळ्यात यांना गाडीत चढणंही जमेल असं धरून चालू नका. आणि वरच्या खिंडीकडे जाणारी वाट होती एका बंद पडलेल्या खाणीची, बाकी वर्षभर बर्फाखाली झाकलेली. ती उघडी पडायची ती फक्त ऐन उन्हाळ्यात. म्हणजे माईंना डोंगरापलीकडे बघायचं असेल तर याच उन्हाळ्यात, आणि न्यायला गाडी मीच. माझ्या जुनाट छातीत केवढी धडधड झाली म्हणून सांगू!

आम्ही सकाळी निघालो. मिस्त्री स्टिअरिंगवर, माई मागच्या सीटवर उशांच्या गराड्यात, आणि पुढे माईंचे धाकटे भाऊ. यांचं बाजारात सलून होतं आणि गाव त्यांना मामा म्हणत असे. मामांचं तोंड आणि कात्री दोन्ही एकाच वेळी चालत. मान खिडकीबाहेर, गप्पा रस्त्यावरच्या माणसाशी, तरी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हात बिनचूक फिरत असे. त्यांच्या हाताला डोळ्यांची गरजच नव्हती. या गुणाचं त्यांना फार कौतुक होतं आणि तोच गुण पुढे आमच्या अंगाशी आला.

झाडी संपली आणि मिस्त्रींनी माझ्या टायरांतली थोडी हवा सोडली. हवा कमी केली की रबर पसरतं आणि सुट्या दगडांना धरून राहतं. मग आम्ही चढाला लागलो. मित्रांनो, मी धरणं पाहिली होती, पण असं काही पाहिलं नव्हतं! खालची नदी दोऱ्यासारखी दिसू लागली. ढग आमच्या खालून चालले होते. कड्यावरून उतरणारं बर्फाचं पाणी आडवं येई आणि माझ्या चाकांना थंडगार चटका बसे. वर हवा इतकी विरळ, की माझे प्राण कंठाशी आले. पण मी थांबले की मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवून पेट्रोल जरा कमी करत, मला जरा विसावा देत, आणि मी पुन्हा चालू लागे. एवढ्या मोठ्या जगात मी केवढीशी आहे हे मला तिथे कळलं, आणि गंमत म्हणजे त्याचा मला आनंद झाला.

मग आला तो अरुंद टप्पा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अशा जागी एक रीत असते. एक माणूस गाडीपुढे उलटा चालतो आणि हाताने खुणा करतो. चालवणाऱ्याने फक्त त्या हाताकडे बघायचं, दरीकडे नाही. आणि हात करणाऱ्याने फक्त चाकांकडे बघायचं. मामा उतरले. माईंना चालवत नव्हतं, त्या आतच बसून राहिल्या.

"येऊ द्या, येऊ द्या, भावोजी, सरळ..." मामांचा हात हलत होता. तेवढ्यात दरीवरचा ढग फाटला आणि समोर एक बर्फाचं शिखर उघडं पडलं, पांढरंशुभ्र, उन्हात न्हालेलं. मामांनी मान वळवली आणि तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं. पण त्यांचा हात! तो सवयीप्रमाणे चालूच राहिला, "येऊ द्या, येऊ द्या." मिस्त्री हाताकडे बघत आले आणि माझं पुढचं डावं चाक रस्ता सोडून हवेत गेलं.

मी पोटावर टेकले आणि माझी एक बाजू दरीकडे झुकली. मामा किंचाळले. मिस्त्री अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, तू हलू नकोस. जशी आहेस तशी बस. तुझ्या वजनानेच गाडी धरलीय."

"मी कशाला हलतेय," माई म्हणाल्या, "गुडघे कुठे हलू देतात मला!"

मामा धावत मागे जाऊन कड्याकडच्या बाजूला माझ्या अंगाला लोंबकळले. मिस्त्रींनी सगळ्यात दमदार गिअर घालून मला मागे ओढलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. दगड घरंगळले, माझ्या पोटाखाली कडकन काहीतरी तुटलं आणि मी चारही चाकांवर आले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तुटला होता मागच्या शाफ्टचा क्रॉस, इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याचा सांधा. म्हणजे मागच्या चाकांना आता जोर मिळणार नव्हता. मिस्त्रींनी लोंबणारा शाफ्ट काढून टाकला. उरली पुढची दोन चाकं. मामा दगडावर बसून डोकं धरून रडत होते. "ताई, मी तुला मारलंच होतं गं."

"मारलं नाहीस ना? मग ऊठ," माई म्हणाल्या.

तो अरुंद टप्पा मी कसाबसा ओलांडला आणि थोडं पुढे रस्ता रुंद झाला. मिस्त्रींनी चढ चढून बघितला, पण चढावर सगळा भार मागे जातो आणि पुढची चाकं नुसतीच गरगरतात. मी दगड उडवत जागीच राहिले. मग त्यांनी मला वळवलं. माझं तोंड घराकडे झालं. खिंड अगदी जवळ होती, आता माझ्या पाठीशी. माईंनी उशी सरळ केली आणि त्या खाली बघत राहिल्या. मला तर वाटलं, आपण भंगारातच बऱ्या होतो.

मिस्त्रींनी आरशात माईंकडे बघितलं आणि रिव्हर्स घातला.

"अहो, हे काय?"

"उलटी गेली तर ओढणारी चाकं खाली राहतात. सगळा भार त्यांच्यावर येतो. चढेल." मग खिडकीतून ओरडले, "मामा! मागे व्हा. हात करा. आणि या वेळी डोळे चाकांवर!"

अशी मी तो शेवटचा चढ चढले, मित्रांनो, उलटी, पाठ पुढे करून. मामा दरीकडे पाठ, शिखराकडे पाठ, साऱ्या जगाकडे पाठ करून चालले. माझ्या चाकांवरून त्यांनी नजर हलवली नाही. माझ्या पुढच्या काचेत पायथ्याचं गाव लहान लहान होत गेलं. घसरले, थांबले, परत जमीन धरली. आणि एकाएकी चढ संपला. वाऱ्याचा मोठा झोत आला.

"आता मागे बघ," मिस्त्री म्हणाले.

माई वळल्या. पलीकडे डोंगर होता. त्याच्या मागे दुसरा, अजून मोठा. त्याच्या मागे आणखी, आणि आणखी, बर्फाचे, निळे, मग आकाशाच्याच रंगाचे. मध्ये एक तळं होतं, इतकं स्वच्छ की त्यात सगळे डोंगर पुन्हा एकदा उभे होते. कुठेही शेवट दिसत नव्हता. माझं इंजिन बंद होतं आणि एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

बऱ्याच वेळाने माई म्हणाल्या, "अहो, आपला तर नुसता पहिलाच आहे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिस्त्रींनी त्यांचा हात धरला होता आणि त्यांचेही डोळे कोरडे नव्हते. मामा मात्र अजून माझ्या चाकांकडेच बघत उभे होते. "अरे, आता तरी बघ!" माईंनी सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. आणि बडबडे मामा त्या दिवशी पहिल्यांदा गप्प झाले.

त्यानंतर माई पुन्हा वर गेल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना खरंच माझ्यात चढता आलं नाही, आणि त्याच्या पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. मिस्त्रींनी माझा क्रॉस केव्हाच बदलला आहे. आता गावातली थकलेली माणसं येतात, मिस्त्री त्यांना वर नेतात, आणि वर पोचल्यावर कुणीच लवकर बोलत नाही. ती शांतता ऐकायला मी अजून टिकून आहे.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना तेलपाणी द्या, उन्हापावसात टाकून देऊ नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं निराळं आहे. आज घरी गेलात की तुमच्यातल्या एखाद्या थकलेल्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुमचं काय बघायचं राहिलंय?" उत्तर ऐकून हसू नका. गाडी काढा. वाट वर्षभर उघडी नसते.